छोट्या कॉलेजांचं बास्केटबॉल: नोव्हेंबरचे सामने किती मनावर घ्यायचे?

सांगलीची_सई

नमस्कार मंडळी. ओहायोतल्या एका लहान गावात येऊन मला दोन वर्षं झाली. गावात एक कॉलेज, एक कारखाना (तिथेच माझी नोकरी), दोन वाणसामानाची दुकानं आणि एक रेल्वे फाटक. नोव्हेंबरात घड्याळं तासभर मागे गेली की सव्वापाचलाच अंधार पडतो. मग नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन जायचं कुठे? मागच्या जानेवारीत एकदा वैतागून त्याला कॉलेजच्या जिममध्ये पुरुषांची बास्केटबॉल मॅच बघायला घेऊन गेले.

तिकीट पाच डॉलर, लहान मुलांना फुकट. तिसऱ्या रांगेत बसलो. मी शाळेत असताना सांगलीत मातीच्या कोर्टवर खेळले आहे, पण इतक्या जवळून इतका वेगवान खेळ कधी पाहिला नव्हता. फ्री थ्रो घेणारा मुलगा चेंडू तीनदा आपटायचा, डोळे मिटायचा आणि श्वास सोडायचा. तो श्वास आम्हाला ऐकू येत होता. आठवड्याभराने तोच मुलगा आमच्या कारखान्याच्या क्वालिटी लॅबमध्ये इंटर्न म्हणून आला. साडेसहा फूट उंची, हातात व्हर्नियर कॅलिपर, आणि मान वाकवून दारातून आत येणं! त्या दिवसापासून आम्ही मायलेक त्या टीमचे झालो.

गेल्या वर्षी अर्धा मोसम संपल्यावर जाग आली, म्हणून यंदा पहिल्या दिवसापासून हजर आहोत. पण पहिल्या दोन्ही मॅच टीम सपाटून हरली. दुसऱ्या मॅचनंतर लेक गाडीत रडला. ऑफिसमधले जुने लोक म्हणतात, "नोव्हेंबर धरायचाच नसतो." खरंच तसं आहे का? तुमच्यापैकी कोणी डिव्हिजन थ्रीचं, म्हणजे छोट्या कॉलेजांचं बास्केटबॉल सुरुवातीपासून बघत असेल तर सांगा: हे पहिले तीन आठवडे बघायचे कसे? चारशेच्या वर टीम आहेत म्हणे. सुरुवात कुठून करू?

नागपाड्याचा_गार्ड

सांगली आणि बास्केटबॉल, वाचूनच बरं वाटलं ताई. मी नागपाड्याच्या कोर्टवर वाढलो. पोराला सांग, पहिल्या दोन मॅच हरल्यावर आम्हीही रडायचो, फक्त गाडी नव्हती. चालत रडायचो.

पेठेतला_पंच

सईताई, मी पुण्याहून बघतो. इतकी वर्षं आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत शिट्टी वाजवली, आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून बसून बघतो. तुमच्याकडची संध्याकाळी सातची मॅच आमच्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते. दूध तापत ठेवायचं, चहा टाकायचा आणि लॅपटॉप उघडायचा. पहिला हाफ संपतो तेव्हा पेपर येतो.

तुमच्या ऑफिसातल्या मंडळींचं म्हणणं मला बरंचसं पटतं, आणि त्याला कारण आहे. या कॉलेजांत कोचच्या हाताशी पूर्ण टीम येते ती ऑक्टोबरच्या मध्यावर. जेमतेम तीन-चार आठवडे सराव झाला की पहिली मॅच. मागच्या वर्षीचे चार सिनियर पदवी घेऊन गेलेले, त्यांच्या जागी अठरा वर्षांची पोरं आलेली. ती पोरं शाळेत प्रत्येक मॅचची हिरो होती. इथे बचावात कोणी कोणाला हाक मारायची हेही त्यांना अजून ठाऊक नसतं. त्यामुळे नोव्हेंबरात मी स्कोअर शेवटी बघतो. दडपण आल्यावर चेंडू वर कोण आणतं, ते बघतो. कोच टाइमआउट घेतो तेव्हा खुर्चीतून कोण आधी उठतं, तेही. चूक झाल्यावर तो मुलगा मान खाली घालतो की बचावाला धावत परत जातो, हे तर तिसऱ्या रांगेतून तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसेल. या गोष्टी ज्या टीममध्ये बऱ्या असतात, ती जानेवारीत जिंकायला लागते.

तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याची कुस्ती लावतो ती जिंकण्यासाठी नव्हे, पाय कुठे पडतात ते बघण्यासाठी. तसं हे.

आकडेमोड

काका, तुमचे प्रतिसाद मी नेहमी आदराने वाचतो, पण इथे मी ठाम असहमत. नोव्हेंबर धरायचा नसतो हे जुन्या काळी चालून गेलं असेल, आता नाही.

२०२४-२५ पासून डिव्हिजन थ्रीत राष्ट्रीय स्पर्धेच्या निवडीसाठी एनपीआय नावाची गणिती पद्धत वापरतात. तुम्ही किती जिंकलात, समोरची टीम किती तगडी होती, मॅच घरी होती की बाहेर, या सगळ्याचा त्यात हिशेब असतो. तारखेचा नसतो. १५ नोव्हेंबरची हार आणि १५ फेब्रुवारीची हार, दोन्हींचं वजन सारखं.

आता बाकीचं गणित बघा. नियमित मोसमात जास्तीत जास्त २५ मॅच. पुरुषांच्या स्पर्धेत ६४ टीम. त्यातल्या बहुतेक जागा आपापली लीग जिंकणाऱ्यांना आपोआप मिळतात, उरलेल्या विसेक जागांसाठी बाकी सगळ्यांची मारामारी. लीगबाहेरच्या टीमशी गाठ पडते ती मुख्यतः नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच. म्हणजे तुमची अख्खी लीग किती ताकदीची आहे हे या दीड महिन्यातच ठरतं. जानेवारीनंतर सगळे आपापसात खेळतात, तेव्हा ताकद वाढवायची कुठून?

सईताई, टीम हरली ती कोणाकडून आणि कुठे, हे लिहा. पहिल्या पंचविसातल्या टीमकडून तिच्या गावी जाऊन हरली असेल तर लेकाला आइस्क्रीम द्या.

पेठेतला_पंच

आकडेमोड, तुमचं गणित मान्य. पण निवड समितीने काय धरायचं हा एक प्रश्न आणि टीम कशी आहे हे आपण कसं ओळखायचं हा दुसरा. ताईंनी दुसरा विचारलाय असं मला वाटतं.

सांगलीची_सई

दोन्ही विचारलेत, काका! गावाचं नाव इथे लिहीत नाही, इतकं छोटं आहे की मी लगेच ओळखू येईन. पण दोन्ही मॅच बाहेर होत्या. आमची टीम एका कॉलेजच्या टिप-ऑफ, म्हणजे मोसमाच्या सुरुवातीच्या, टूर्नामेंटला गेली होती: चार टीम, शुक्रवार-शनिवार दोन मॅच. आम्ही दोन तास गाडी चालवून गेलो. आणखी एक. गेल्या वर्षीचा आमचा ३४ नंबरचा फॉरवर्ड बाकावरही दिसला नाही. वेबसाइटवर नाव आहे, फोटो आहे, माणूस नाही.

कट्ट्यावरचा_गण्या

एक प्रामाणिक प्रश्न, कोणाला दुखवायचं नाही. त्याच वेळी टीव्हीवर ड्यूक, कॅन्सस, केंटकी ही डिव्हिजन वनची मोठी कॉलेजं असतात. तिथली मुलं दोन वर्षांनी एनबीएत दिसतात. मग डिव्हिजन थ्री का बघायचं? सईताईंच्या गावात दुसरं काही नाही हे समजलं, पण काका पुण्यात बसून का बघतात?

बोरिवली_ते_बॉस्टन

गण्या, मी उत्तर देतो, कारण हाच प्रश्न मी २०१२ साली विचारला होता.

त्या वर्षी एमआयटीची पुरुष टीम डिव्हिजन थ्रीच्या शेवटच्या चारांत पोचली. ऑफिसमधला एक जण बोलता बोलता म्हणाला, मला खरं वाटेना. एमआयटी आणि बास्केटबॉल? मग पुढच्या नोव्हेंबरात बघायला गेलो. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, एक डॉलरसुद्धा नाही. ते पोरगं दिवसभर लॅब करून येतं, पायाला पट्टी बांधतं आणि चाळीस मिनिटं जीव तोडून खेळतं, कारण त्याला खेळायचं असतं. मॅच संपली की गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या प्लास्टिकने गुंडाळून भिंतीला टेकून बसतात आणि शेजारच्याला विचारतात, उद्याचं असाइनमेंट झालं का. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि इथून वर कोणी जात नाही असं समजू नकोस. डंकन रॉबिन्सन विल्यम्स कॉलेजकडून डिव्हिजन थ्री खेळला, २०१४ ची फायनल हरला, मग मिशिगनला गेला आणि पुढे मायामी हीटकडून दोनदा एनबीए फायनलमध्ये खेळला. डेव्हिन जॉर्ज मिनिआपोलिसच्या ऑग्सबर्ग कॉलेजचा. १९९९ मध्ये लेकर्सनी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात तेव्हा) पहिल्याच फेरीत घेतला, तीन विजेतेपदं. बॉस्टन सेल्टिक्सचा माजी कोच ब्रॅड स्टीव्हन्स डिपॉ विद्यापीठात खेळला. आणि ग्रेग पोपोविच! एनबीएच्या सॅन अँटोनियो स्पर्सना पाच विजेतेपदं देणारा माणूस आधी कॅलिफोर्नियातल्या पोमोना-पिट्झरचा कोच होता. पहिला मोसम २ विजय, २२ पराभव. सईताई, लेकाला हे जरूर सांगा. १९८५-८६ मध्ये त्याच टीमने लीग जिंकली, ६८ वर्षांनी.

नागपाड्याचा_गार्ड

२-२२ आणि तरी नोकरी टिकली! आमच्या कॉलेजात झोनलची पहिली मॅच हरलो तर जिमखान्याच्या सरांनी नाश्त्याचे वडे बंद केले होते.

ब्लूमिंग्टनकर

इथे बरीच मंडळी शिकागोकडची आणि इलिनॉयची असतील म्हणून लिहितो. ब्लूमिंग्टन-नॉर्मलमध्ये आयटीमुळे मराठी माणसं भरपूर, पण इलिनॉय वेस्लियनची मॅच बघायला गेलेला मराठी माणूस मला दहा वर्षांत एकच भेटला. तो आता माझा साडू आहे.

हे कॉलेज १९९७ चं डिव्हिजन थ्री विजेतं. त्याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकात, जॅक सिक्मा इथे खेळला. पाठ बास्केटकडे ठेवून आतल्या बाजूला वळायचं आणि चेंडू थेट डोक्यावरून सोडायचा, ही त्याची ओळख. १९७९ मध्ये सिॲटलकडून एनबीए जिंकला, २०१९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

सईताई, चारशे टीमना हात घालू नका. आधी तुमच्या कॉलेजची लीग पकडा. लीगमधल्या प्रत्येक टीमचा स्कोअर रोज रात्री बघा, पाच मिनिटांचं काम. थँक्सगिव्हिंगपर्यंत तुम्हाला कळेल की आपल्याला कोण जड जाणार. मग डीथ्रीहूप्स या वेबसाइटचा पहिल्या पंचवीस टीमचा क्रम दर आठवड्याला बघा. मोसमाआधीचा क्रम हा मतदारांचा अंदाज असतो, तो पहिल्या दोन शनिवारांत बराच हलतो. ती उलथापालथ बघण्यातच नोव्हेंबरची खरी मजा.

नेपरव्हिलवाल्यांनो, तुमच्या डाउनटाउनला खेटून नॉर्थ सेंट्रल कॉलेज आहे, हीच लीग. एल्महर्स्टही. २०२२ ला एल्महर्स्ट फायनलला गेलं होतं, कोणाला पत्ता होता?

आकडेमोड

फायनलला गेलं आणि रँडॉल्फ-मेकनकडून ७५-४५ हरलं. पण गेलं हे खरं.

रश्मी_पिट्सबर्ग

मी कार्नेगी मेलनला एमएस केलं. दीड वर्षात जिमची पायरी चढले नाही याचं आता फार वाईट वाटतं. आपल्याकडची किती मुलं कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न, रॉचेस्टर, एनवाययू, शिकागो इथून शिकून गेली! ही सगळी डिव्हिजन थ्रीच्या एकाच लीगमधली: यूएए. बाकीच्या तीन म्हणजे ब्रँडाइस, एमरी आणि सेंट लुईसची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी. आठ टीम सात राज्यांत विखुरलेल्या, त्यामुळे लीगच्या मॅचना विमानाने जावं लागतं. शुक्रवारी एका शहरात आणि रविवारी दुसऱ्या.

आकडेमोड यांचा मुद्दा या लीगला तर तंतोतंत लागू. लीगच्या मॅच १४, त्या जानेवारीत सुरू होतात. उरलेल्या ११ मुख्यतः नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. शेवटी लीगची वेगळी नॉकआउट स्पर्धाही नाही, सगळ्यात वर असेल तो विजेता. लीग नाही जिंकली तर नाताळाआधी काय केलंत तेच तारणार किंवा बुडवणार. एनवाययू २०२५ ला थेट फायनलला पोचलं आणि ट्रिनिटीकडून हरलं.

आता माझा स्वार्थी प्रश्न. मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या टीममध्ये गार्ड. एका डिव्हिजन थ्री कोचचा ईमेल आला. शिष्यवृत्ती नाही म्हणजे पूर्ण फी भरायची? घरात यावरून दोन पक्ष पडलेत.

बोरिवली_ते_बॉस्टन

रश्मीताई, खेळासाठी पैसे नाहीत, पण गुणांवर आणि घरच्या उत्पन्नावर मिळणारी मदत इतर विद्यार्थ्यांसारखीच मिळते. कॉलेजच्या आर्थिक मदत विभागाकडे सरळ विचारा आणि आकडा लेखी घ्या. आणि एक, मनापासून: मुलाला नोव्हेंबरातल्या मॅचला घेऊन जा. फेब्रुवारीत टीम उत्तम दिसते. नोव्हेंबरात हरत असताना कोच फर्स्ट इयरच्या पोरांशी कसा बोलतो ते दिसतं. तुमच्या मुलाला त्याच्या हाताखाली चार वर्षं काढायचीत.

पेठेतला_पंच

बोरिवली, हा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला.

कट्ट्यावरचा_गण्या

बरं, मी काल रात्री एक मॅच बघितली. कॉलेजचं नाव घेत नाही कारण तक्रार आहे: कॅमेरा एकाच जागी, एक बास्केट खांबाआड, आणि पहिली सात मिनिटं आवाजच नाही. तरी शेवटपर्यंत बघितली. एक पाच फूट नऊ इंचाचा पोरगा होता, माझ्याएवढा, त्याने शेवटच्या दोन मिनिटांत दोन चार्ज घेतले, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्यासमोर उभं राहून धडक खाल्ली. दोन्ही वेळा जमिनीवर आडवा. दोन्ही वेळा अख्खा बाक त्याला उचलायला धावला.

गुगल करताना मला एका माणसाचे एका मॅचमध्ये १३८ पॉइंट दिसले. हे खरं आहे का?

आकडेमोड

खरं आहे, आणि नोव्हेंबरातलंच आहे. २० नोव्हेंबर २०१२, आयोवातलं ग्रिनेल कॉलेज, जॅक टेलर. १०८ शॉट मारले, ५२ गेले. त्यातले थ्री पॉइंटर ७१, गेलेले २७. फ्री थ्रो ७. बेरीज करून बघ, १३८ येते. मॅच १७९-१०४. पुढच्या नोव्हेंबरात त्यानेच पुन्हा १०९ केले.

ग्रिनेलची पद्धतच वेगळी: पाचच्या पाच खेळाडू पाऊण-एक मिनिटाला बदलायचे, पूर्ण कोर्टभर दाबायचं आणि जमेल तितके थ्री मारायचे. पण माझा आक्षेप आहे. समोर फेथ बॅप्टिस्ट हे लहानसं बायबल कॉलेज होतं, एनसीएएचं, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचं, सदस्यही नाही. अशा मॅच निवडीच्या हिशेबात येत नाहीत. नोव्हेंबरच्या वेळापत्रकात अशी नावं दिसली तर तो विजय बाजूला ठेवा.

नागपाड्याचा_गार्ड

आक्षेप कसला? १०८ वेळा उडी मारून शॉट घे, दुसऱ्या दिवशी दंड उचलून दाखव. माझा सलाम.

ब्लूमिंग्टनकर

मला त्या मॅचमधली वेगळीच गोष्ट आवडते. समोरच्या टीममधल्या एका मुलाने त्याच मॅचमध्ये ७० पॉइंट केले. सत्तर! दुसऱ्या कुठल्याही रात्री तो देशभर गाजला असता.

पेठेतला_पंच

मला ती मॅच आवडत नाही. दुबळ्या टीमविरुद्ध एका मुलाला १०८ शॉट द्यायचे, यात बाकीच्या चौघांनी काय शिकायचं? मतभेद असू दे. त्यापेक्षा कॅलटेकची गोष्ट ऐका. नोबेलवाल्यांचं कॉलेज. लीगमध्ये १९८५ नंतर एकही मॅच जिंकले नव्हते, सलग ३१० हारी. २२ फेब्रुवारी २०११ ला मोसमाच्या शेवटच्या मॅचला ऑक्सिडेंटलला ४६-४५ हरवलं. निर्णायक पॉइंट फ्री थ्रोचा. कितीतरी मुलं एकदाही लीगमध्ये न जिंकता चार वर्षं खेळून पदवी घेऊन गेली, आणि तरी दर नोव्हेंबरात नवीन मुलं बूट बांधून आली. मी पुण्यात बसून का बघतो, याचं उत्तर हेच आहे, गणपतराव.

कट्ट्यावरचा_गण्या

काका, मिळालं उत्तर.

रश्मी_पिट्सबर्ग

थोडं अवांतर: कॉलेजं डिव्हिजन बदलतात हे मला याच आठवड्यात कळलं. हार्टफर्ड विद्यापीठ मार्च २०२१ मध्ये डिव्हिजन वनच्या राष्ट्रीय स्पर्धेत बेलरशी खेळलं, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत डिव्हिजन थ्रीत उतरायचं ठरवलं.

बोरिवली_ते_बॉस्टन

आणि त्याच वर्षी मिनेसोटाचं सेंट थॉमस उलट दिशेने गेलं, थ्रीमधून थेट वनमध्ये. २०११ आणि २०१६ चे डिव्हिजन थ्री विजेते. हार्टफर्डच्या मुलांसाठी मला वाईट वाटलं. ज्यांना शिष्यवृत्तीवर आणलं त्यांना मध्येच सांगायचं की आता हे बंद.

अवांतरात अवांतर: हा खेळ १८९१ मध्ये जिथे जन्मला ते स्प्रिंगफील्ड कॉलेजही आज डिव्हिजन थ्रीतच खेळतं. गण्या, घराणं मोठं आहे.

ब्लूमिंग्टनकर

सईताई, तुमचा ३४ नंबर राहून गेला. तो फुटबॉल खेळतो का, म्हणजे अमेरिकन फुटबॉल? छोट्या कॉलेजांत दोन खेळ खेळणारी मुलं असतात. फुटबॉलचा नियमित मोसम नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतो, टीम बाद फेरीत गेली तर आणखी पुढे. तोवर तो बास्केटबॉलला येत नाही. नोव्हेंबरचे निकाल वाचताना ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात.

सांगलीची_सई

अहो ब्लूमिंग्टनकर, अगदी तेच निघालं! काल तिसरी मॅच होती, घरची पहिली. ३४ नंबर आला. शनिवारी त्याचा फुटबॉल संपला, मंगळवारी इथे. डाव्या हाताची दोन बोटं एकत्र पट्टीने बांधलेली. शेवटी खेळवला, सहाच मिनिटं. पहिल्याच पासला चेंडू त्याच्या छातीवर आपटून बाहेर गेला. लोक हसले नाहीत, टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्याने असे तीन रिबाउंड ओढले की माझ्या लेकाने माझा दंडच धरला.

काका, तुम्ही सांगितलं होतं तसं स्कोअरबोर्डकडे बघायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. मला जमलं नाही, त्याला जमलं! त्याने एक वही केलीय. टाइमआउटला खुर्चीतून कोण आधी उठतं ते लिहितो. पूर्ण मॅचमध्ये ११ नंबर सहा वेळा पहिला उठला. हा मुलगा फर्स्ट इयरचा आहे, एकही मिनिट खेळला नाही. मॅच संपल्यावर खुर्च्या घड्या करून भिंतीला लावायलाही तोच पुढे होता. लेकाने जाऊन त्याला विचारलं, तू खेळला का नाहीस? तो म्हणाला, अजून बचावाच्या हाका शिकतोय. मग खाली वाकून त्याने लेकाची वही बघितली, स्वतःच्या नंबरापुढच्या सहा रेघा मोजल्या आणि कोचला दाखवायला घेऊन गेला.

हरलो आम्ही, चारने. पण घरी आणि दमदार टीमविरुद्ध. आकडेमोड, यावर तुमचं गणित काय म्हणतं ते सांगा. गाडीत या वेळी कोणी रडलं नाही.

आकडेमोड

घरची हार, म्हणजे गणित तुमच्या विरोधात जातं, खोटं सांगणार नाही. बाहेरची हार कमी लागते, घरची जास्त. पण ३४ नंबरशिवायच्या दोन आणि त्याच्यासह सहा मिनिटांची एक, यातला फरक कुठल्याही सूत्रात बसत नाही. तेवढ्यापुरतं काकांचं खरं. वही चालू ठेवायला सांगा. जानेवारीत मी तिच्यावरून तक्ता करून देतो.

नागपाड्याचा_गार्ड

११ नंबरचा मी आजपासून फॅन.

रश्मी_पिट्सबर्ग

आम्ही या शनिवारी मुलाला त्या कोचच्या मॅचला नेतोय. घरातले दोन्ही पक्ष एकाच गाडीतून.

पेठेतला_पंच

सईताई, पुढची मॅच कधी? कॉलेजचं नाव व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवा, इथे नको.

सांगलीची_सई

शनिवारी दुपारी दोनला, काका. नाव व्यनि केलंय. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील, जागू नका उगाच.

पेठेतला_पंच

दुपारी झोपून घेतो. लेकाला सांगा, टाइमआउटला कोण उठतं ते मी इकडे लिहितो, त्याने तिकडे लिहावं. मॅच संपल्यावर दोन्ही वह्या ताडून बघू.